काळ्या मातीवर शेडची जमीन ओतताना

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकिंगसाठी किंवा ट्रॅक्टर लावायला शेड बांधतात, तेव्हा सगळं लक्ष ट्रस आणि पत्र्याकडे असतं. जमीन उरलेल्या पैशांत उरकली जाते आणि सगळ्यात आधी तीच फुटते. जवळपास प्रत्येक वेळी बिघाड पाण्यानेच झालेला असतो. नको तिथे पाणी ओतलेलं असतं, हवं तिथे दिलेलं नसतं.

आधी खालचं बघू. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर काँक्रीट सहा इंच टाका नाहीतर नऊ इंच, खालून उचललं की ते तुटणारच. किमान दोन फूट माती काढायची आणि मुरूम भरायचा, तोही सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थराला पाणी मारून, रोलर फिरवून. सगळा मुरूम एकदम ओतून वरून जेसीबी फिरवला तर फक्त वरचा थर दबतो. खालचा भुसभुशीत राहतो आणि पुढे ट्रॉलीच्या चाकाखाली खचतो. मुरमावर नऊ इंच सोलिंग, काळा दगड उभा लावून, फटी बारीक दगडाने आणि मुरमाने भरून. त्यावर 1:4:8 चं (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, आणि मग जाड प्लॅस्टिक. शेडभोवती तीन फुटांची पट्टी बाहेरच्या उताराने करायला विसरू नका. पत्र्याचं पाणी भिंतीलगत मुरलं तर कडेची माती फुगते आणि वरची सगळी मेहनत वाया जाते.

आता 30 बाय 40 ची शेड धरू. प्लॅस्टिकवरच्या सहा इंच जाडीच्या जमिनीला 600 घनफूट, म्हणजे 17 घनमीटर माल (काँक्रीट). दहा फुटी तीन पट्टे पाडले तर एका पट्ट्याला 5.7 घनमीटर लागतो, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट आणणारी सहा घनमीटरची एक गाडी एका पट्ट्याला बरोबर पुरते. कडेचे दोन पट्टे आधी, मधला नंतर. दोन पट्ट्यांच्या जोडात 20 एमएमचे गुळगुळीत बार, दीड फूट लांब, फुटा-फुटावर. त्यांचं एक टोक ग्रीस लावून मोकळं ठेवायचं, नाहीतर काँक्रीट आकसताना जोडाशेजारीच तडा जातो. जाळी 8 एमएमची, आठ इंचांवर, साधारण साडेचारशे किलो, शिवाय सळया जोडताना एकमेकींवर चढतात तिथलं वेगळं. ती वरच्या पृष्ठभागापासून दोन इंच खाली राहिली पाहिजे. "माल पडला की आकड्याने वर ओढू" हे मिस्त्रीचं आश्वासन मान्य करू नका. माणसं तिच्यावरून चालतात आणि जाळी तळालाच बसते. जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या आधीच लावून घ्या. खांबाभोवती 12 एमएम थर्माकोल लावायचा, म्हणजे जमीन खांबाला अडकत नाही.

माल एम-25 (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). गाडी आली की कोणीतरी हमखास म्हणतं, "जरा पाणी मारा, पसरत नाहीये." इथेच ठाम राहायचं. सिमेंटच्या गोणीला 25 लिटर पाणी पुरे, त्यात वाळूतला ओलावाही आला. माल पातळ केला की खडी खाली बसते, पाणी आणि बारीक चिखल वर येतो. पुढे झाडू मारताना जी पांढरी पावडर निघते, ती हीच. माल मऊ हवा असेल तर प्लांटलाच अॅडमिक्श्चर (पाणी न वाढवता माल मऊ करणारं रसायन) वाढवायला सांगा.

पसरून, व्हायब्रेटर फिरवून, पट्टीने लेव्हल केल्यावर ट्रिमिक्सवाले मॅट टाकून पंपाने मालातलं जास्तीचं पाणी ओढतात. दर सेंटिमीटर जाडीला दीड-दोन मिनिटं, म्हणजे सहा इंचांना साधारण अर्धा तास. धुण्याचं पाणी निघायला 10 फुटांना सव्वा इंच उतार पुरतो.

घोटाईची वेळ घड्याळावर ठरत नाही. बूट ठेवून बघायचं. ठसा तीन-चार मिलिमीटर उमटला आणि वरचं पाणी गेलेलं असलं तर घोटाईच्या मशीनची गोल डिस्क चालवायची. त्यानंतर पृष्ठभाग आणखी कडक झाला की ब्लेड. पाणी चमकत असताना त्यावर कोरं सिमेंट शिंपडून घोटणं ही फार वाईट सवय आहे. त्या दिवशी जमीन काचेसारखी दिसते आणि वर्षभरात तिचे पापुद्रे सुटतात. डिसेंबरात निफाडच्या थंडीत माल उशिरा धरतो, घोटाईला रात्र होऊ शकते. दिवे आणि माणसं थांबवायची तयारी ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. कोरडा वारा वरचं पाणी इतक्या लवकर ओढतो की घोटाईआधीच बारीक भेगा दिसू लागतात. पहिली गाडी सकाळी सहाला मागवा, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा.

कटिंग, म्हणजे तडा ठरल्या जागीच जावा म्हणून कटरने खाचा पाडणं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुढे नेऊ नका. 10 बाय 10 फुटांचे चौकोन, दोन इंच खोल. कडा तुटत असतील तर थोडं थांबा, पण उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच वाटेल तिथून फाटतं.

आणि आता मात्र पाणी हात न आखडता. कडेने मातीची पाळ घालून दोन इंच पाणी उभं करायचं, उतारावर ज्यूटचं बारदान ओलं ठेवायचं. आयएस 456 मध्ये (काँक्रीटचं भारतीय मानक) साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेलं सिमेंट) दहा. आपल्या उन्हाळ्यात चौदा धरा. दिवसातून दोनदा पाइप फिरवणं म्हणजे क्युरिंग नाही, दुपारी दोन तासांत जमीन कोरडी पडते.

भरलेली ट्रॉली 28 दिवसांनंतरच आत घ्या. कटिंगच्या खाचा धूळ काढून, पूर्ण वाळल्यावर सीलंटने भरा.