स्वस्त फिक्स्ड गिअर सायकल रोजच्या वापरासाठी घ्यावी का?

पुण्यात बावधनहून डेक्कनला रोज कामावर जाण्यासाठी मी एक फिक्स्ड गिअर सायकल हेरून ठेवली आहे. किंमत १२,००० रुपये, लोखंडी फ्रेम, सातशे सी मापाची चाके, पुढे ४६ दात्यांचे आणि मागे १६ दात्यांचे चक्र. गिअर बदलताना साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर नाही, गिअरच्या तारा नाहीत, त्यामुळे सायकल हलकी आणि देखणी वाटते. घ्यावी की नाही याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे, आणि तो करताना लक्षात आलेल्या गोष्टी अशाच पेचात असलेल्यांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे लिहितो.

आपल्या नेहमीच्या सायकलीत फ्रीव्हील असते, त्यामुळे पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. फिक्स्ड गिअरमध्ये मागचे चक्र हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, थेट जखडलेले असते; चाक फिरते आहे तोवर पॅडल फिरतेच, आणि पॅडलवर उलटा जोर दिला की वेग कमी होतो. ही रचना मुळात वेलोड्रोमसाठी, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल धावपट्टीसाठी आहे. तेथे ब्रेकच नसतात, कारण सर्वजण एकाच दिशेने जात असतात आणि मध्येच कोणी आडवे येत नाही. पौड रस्त्याबद्दल असे म्हणता येत नाही.

माझ्या रस्त्याचा खरा प्रश्न चांदणी चौकाचा आहे. बावधनकडून तेथवर चढ आणि पुढे कोथरूड डेपोपर्यंत उतार. सातशे सीच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला, तर ४६ आणि १६ या जोडीत पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते. चढावर ताशी १० किलोमीटरने जाताना पाय मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेतील, म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्यांवर भार टाकून ओढावा लागेल. आणि पलीकडच्या उतारावर वेग ताशी ४० झाला, तर तेच पाय मिनिटाला ११० फेऱ्यांनी फिरवावे लागतील. मागे १८ दात्यांचे चक्र लावून चढ हलका केला, तर उतारावरचे फेरे १२० च्या पुढे जातात. फ्रीव्हीलच्या सायकलीत हा तिढा उद्भवत नाही, कारण तेथे चक्र चढ पाहून निवडता येते आणि उतारावर पाय स्थिर ठेवता येतात. एकच गिअर असणे आणि तो फिक्स्ड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला हव्या असलेल्या साधेपणाचा जवळजवळ सगळा वाटा पहिलीतूनच मिळतो. शहरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या काळ्या सायकलींनाही एकच गिअर होता, पण फ्रीव्हीलसह.

गतिरोधकांचाही विचार करायला हवा. खड्डा किंवा गतिरोधक आला की आपण दोन्ही पॅडल आडवी धरून सीटवरून किंचित उठतो, आणि वळणावर आतले पॅडल वर घेतो. फिक्स्डमध्ये यांपैकी काहीच करता येत नाही, कारण पाय फिरतच राहतात. सवयीने याशिवायही जमते यावर माझा विश्वास आहे. पण ती सवय पावसाळ्यात, कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत लावून घ्यावी असे मला वाटत नाही.

यानंतर येतो स्वस्तपणाचा मुद्दा, आणि माझ्या मते निर्णय येथेच होतो. स्वस्त गिअरच्या सायकलीत सर्वांत कच्चा भाग बहुधा डिरेलर असतो; तो बिघडला तर गिअर नीट पडत नाही, पण माणूस घरी पोहोचतो. स्वस्त फिक्स्डमध्ये काटकसर हब, चक्र आणि साखळीत होते, आणि पाय उलटे रेटून वेग कमी करताना सगळा जोर याच भागांवर येतो. चांगल्या हबवर चक्राबाहेर एक लॉकरिंग, म्हणजे चक्र जागी धरून ठेवणारी कडी, असते आणि तिचे आटे चक्राच्या आट्यांच्या उलट दिशेचे असतात, त्यामुळे उलट्या जोराने चक्र सुटू पाहिले तरी लॉकरिंग त्याला अडवते. हे आटेच नसतील, तर नेमके थांबण्याच्या क्षणी चक्र सैल होऊ शकते. साखळीचेही तसेच आहे. चाकाचे नट सरकून ती ढिली पडली आणि उतरून अडकली, तर मागचे चाक जागच्या जागी आवळले जाते. फ्रीव्हीलच्या सायकलीत उतरलेली साखळी बहुतेक वेळा हात काळे करण्यापलीकडे त्रास देत नाही.

म्हणूनच पुढचा ब्रेक नसलेली फिक्स्ड सायकल रस्त्यावर आणू नये असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनचा कायदा फिक्स्ड चाकाला एक ब्रेक मानतो, तरीही पुढच्या चाकाला ब्रेक असावाच लागतो, आणि ही अट मला अत्यंत रास्त वाटते. मी पाहिलेल्या सायकलीला फक्त मागे ब्रेक आहे. पॅडलवर पाय धरून ठेवणारे पट्टे नाहीत, मडगार्ड बसवायला फ्रेमवर भोके नाहीत, आणि सातशे सीची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच अशी खात्री नाही. पुढचा ब्रेक, पट्टे आणि गरज पडल्यास चांगले मागचे चाक यांचा खर्च धरला, तर १२,००० हा आकडा मागे पडतो.

पेठांमध्ये किंवा सपाट भागात राहणाऱ्याला मी इतक्या जोराने नको म्हणणार नाही. तेथे अंतरे लहान आहेत, संथ गर्दीत फिक्स्डचा वेगावरचा ताबा खरोखर सुखद असतो, आणि देखभालही कमी लागते.

माझ्यापुरते मी दुकानदारांना एवढेच कळवले आहे की मागचे चाक उघडून दाखवावे. हब दुतर्फा असेल, म्हणजे एका बाजूला लॉकरिंगसह फिक्स्ड चक्र आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलची सोय असेल, तर पुढचा ब्रेक बसवून आणि १८ दात्यांचे फ्रीव्हील लावून मी ही सायकल घेईन, आणि फिक्स्डची बाजू रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर शिकेन. तशी सोय नसेल, तर याच पैशांत फ्रीव्हीलची साधी सायकल आणि एक जोडी चांगले मडगार्ड घेणार आहे.