कपाटातला खण

मला खणाचा कंटाळा आलाय. हे वाक्य मराठी बायकांच्या घोळक्यात मोठ्याने म्हणायची सोय नाही. 'पैठणी मला नाही आवडत' हे एकवेळ खपून जातं, परवडत नसेल म्हणून बोलते असं समजून लोक सोडून देतात. खणाचं तसं नाही. खण स्वस्त, खण देखणा, खण कुणालाही शोभतो, वर आपली परंपरा. नावं ठेवायला जागाच नाही. म्हणून मी मनातल्या मनात काय ते म्हणते आणि कपाटाचं दार लावून घेते.

दार उघडलं की समोर हिरवी खणाची साडी, लाल काठांची. मग वांगी रंगाची. मग काळी, जी सगळ्यांकडे आहे आणि प्रत्येकीला आपली 'जरा वेगळी' वाटते. कुर्ते, जाकीट, पर्स, पाकीट. कानातले म्हणजे खणाच्या गोल टिकल्या, त्यावर चिकटवलेली नथ. शिवाय नवऱ्याचं जाकीट. त्या जाकिटाने तर एका गणपतीत कमालच केली. मखरामागचा पडदाही त्याच मोरपिशी खणाचा निघाला आणि फोटोत नवऱ्याचा चेहरा नि दोन हात तेवढे आले, बाकी सगळा पडदा. सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, "अगं, हा कुठे बसलाय?"

हे सुरू कधी झालं ते धड आठवत नाही. आधी एकदोघी हौशी मैत्रिणींकडे खणाच्या साड्या दिसल्या तेव्हा मीही हरखले होते. कापडाला हात लावून बघितला होता. बघता बघता पाडव्याच्या शोभायात्रेत, मंगळागौरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, ऑफिसातल्या 'ट्रॅडिशनल डे'ला खणच खण झाले. नवरात्रात तर नऊ रंगांतले नऊ खण. 2020 साली तोंडाला मास्क आले, तर तेही खणाचे! आता डायरीचं कव्हर, तोरण, उशीचे अभ्रे, ट्रे, टिश्यूचा डबा. आमच्याकडे एकीने लॅपटॉपची पिशवी शिवलीय. दिसते छान, पण तिच्यातून लॅपटॉप काढला की ओटीतून नारळ काढल्यासारखं वाटतं.

ओटीचाच तर तो. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. दुकानदार त्याची त्रिकोणी घडी घालून द्यायचा आणि घरी आल्यावर ती घडी मोडायला जीव व्हायचा नाही. आजीच्या ट्रंकेत अशा त्रिकोणांची चळत होती. त्यातले काही कधीच शिवले गेले नाहीत, एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत नुसते गावभर हिंडत राहिले. जे शिवले गेले त्यांच्या चोळ्या झाल्या. आजीची एक चोळी माझ्याकडे आहे, पुढे गाठ मारायची. जांभळट लाल अंग, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी नक्षी, अगदी खेटून विणलेली. काठ बरोब्बर दंडावर येतो. उजेडात धरून जरा हलवली की लालातून निळसर झाक जाते, कारण उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. अंगात घातली की काखेपासून दंडापर्यंत तेवढाच काय तो थाट, बाकी साधं इरकल लुगडं.

ते एवढंसंच असणं हीच त्याची खरी मजा होती, असं मला आता वाटायला लागलंय. हातमागावरच्या खणाचा पन्हाच मुळी लहान, साडीच्या पन्ह्याहून बराच कमी. एका चोळीपुरतं कापड, दोन्ही बाजूंना काठ, संपलं. नक्षी बारीक आणि दाट, कारण ती अंगभर पसरायची नव्हतीच. इरकलीचं अंग म्हणजे साधं किंवा बारीक चौकडीचं, त्या शांत पसाऱ्यात चोळी उठून दिसायची. तीच नक्षी साडेपाच मीटर पसरली की डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. त्यावर खणाचंच ब्लाउज, खणाचेच कानातले. लोणचं कितीही फर्मास असलं तरी कुणी त्याची भाजी करून खात नाही.

आणि हे 'आपलं' कापड येतं कुठून, तर गुळेदगुड्डहून. बागलकोट जिल्हा, कर्नाटक. बदामीची लेणी बघायला जाणारे या गावाच्या जवळून जातात, पण सहसा थांबत नाहीत. इरकलचं इलकल गावही त्याच जिल्ह्यात. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख विजापूर जिल्ह्यात आणि विजापूर मुंबई राज्यात होतं. राज्यांची वाटणी झाली, कापडाला कुणी कळवलं नाही. तिकडच्या विणकरांनी विणायचं आणि इकडच्या बायकांनी 'मराठमोळं' म्हणून मिरवायचं हे बिनतक्रार चालू आहे. आता तर गुळेदगुड्डच्या खणाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. अर्थात माझ्या कपाटातल्या सगळ्यांचा त्या गावाशी संबंध असेलच असं नाही. बराचसा माल यंत्रमागावरचा, कृत्रिम धाग्याचा, घाम आला की अंगाला चिकटणारा. एका कुर्त्यावर तर खण नुसता छापलेला आहे. आतली बाजू उलटून बघितली तर पांढरी फटक. विणलेल्या खणात मागच्या बाजूला नक्षीचे धागे दिसतात, नख अडकेल असे.

यावर माझी जाऊ म्हणते, "म्हणजे विणकरांच्या पोटावर पाय का? सगळ्या घेतायत म्हणून माग चालतात ना!" तिचं हे बरोबर आहे आणि मला उत्तर देता येत नाही. लोक चोळ्या घालायचे बंद झाल्यावर खणाने साडी व्हायचं ठरवलं नसतं तर तो ट्रंकेतच राहिला असता. पण कंटाळा काही तत्त्वाला विचारून येत नाही. पोह्यांचा येतो, मालिकांचा येतो, मग याचा का नाही? खरं तर मला खणाचा कंटाळा आलाय की एकाच वेळी सगळ्यांनी तो घालण्याचा, हेही मी एकदा तपासून बघितलं. नुसती वांगी साडी नेसून बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनीही तीच नेसली होती. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो आणि दोघींनी पदर पुढे घेतला.

म्हणून यंदा मी ठरवलं, साडी नको, कुर्ता नको. आजीच्या ट्रंकेतला एक न शिवलेला खण अजून माझ्याकडे आहे, घडीच्या रेघा पक्क्या बसलेला. त्याचं फक्त ब्लाउज शिवायचं आणि खाली फिक्या रंगाची साधी सुती साडी नेसायची. काठ दंडावर आला पाहिजे, असं टेलरताईंना तीनतीनदा बजावलं. त्यांनी खण उलटसुलट करून बघितला, अंगठ्याने चोळला, "ओरिजिनल आहे हो," म्हणाल्या आणि वही उघडली.

"पण ताई, दिवाळीनंतरच मिळेल. गणपतीच्या खणाच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात. एका मंडळाच्याच चाळीस आहेत, सगळ्या सेम."