खर्चाचं ॲप निवडायला मला दोन महिने लागले

फोन बदलला आणि चौदा महिन्यांचा हिशेब गेला. रोज रात्री झोपायच्या आधी मी न चुकता दिवसभराचे खर्च ॲपमध्ये टाकायचे. नव्या फोनवर तेच ॲप घेतलं, उघडलं, तर ते म्हणालं, "तुमचा पहिला खर्च नोंदवा." जुना फोन तोवर पुसून देऊनही झाला होता. बॅकअपची सोय होती म्हणे, पण ती आपली आपण चालू करायची असते. मी केली नव्हती.

हळहळत बसले होते, तर नवरा म्हणाला, "अगं, चौदा महिने लिहिलंस खरं, पण एकदा तरी मागे जाऊन वाचलंस का?" राग आला, कारण वाचलं नव्हतं. महिनाअखेरीला तो रंगीत गोल बघायचा, त्यातला सगळ्यात मोठा तुकडा 'इतर' निघायचा, की फोन बाजूला.

मग नवं ॲप शोधायला बसले. 'सर्वोत्तम दहा ॲप' छापाच्या याद्या आधी वाचल्या आणि लवकरच सोडून दिल्या. जुन्या याद्यांमध्ये मिंटचं नाव हमखास पहिलं. ते २००७ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये इंट्यूइट या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये बंद झालं. वापरायला फुकट होतं. लोकांना कार्डं, कर्जं वगैरे सुचवून त्यावर त्याची कमाई चालायची. एवढं गाजलेलं ॲप बंद होऊ शकतं, तर मी निवडीन तेही एक दिवस जाणारच. म्हणून ठरवलं, रंगरूप नंतर, आधी आपला हिशेब बाहेर कसा काढता येतो ते बघायचं.

प्रत्येक ॲपमध्ये पाच नोंदी टाकायच्या, लगेच सीएसव्ही, म्हणजे नोंदींच्या साध्या तक्त्याची फाइल काढायची आणि ती लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडायची. एवढ्या एका चाचणीत निम्मी ॲप गळली. एकाने फक्त पीडीएफ दिली, वर स्वतःचा लोगो लावून. दिसायला छान, पण त्यातले आकडे पुढे कुठे वापरणार? एकाने फाइल काढायला पैसे मागितले. म्हणजे आत यायला फुकट, बाहेर जायला तिकीट. तिसऱ्याची फाइल उघडली, तर माझ्या मराठीतल्या सगळ्या शेऱ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मी शेरे मराठीतच लिहिते, तेव्हा तेही गेलं.

उरलेल्यांसाठी मागच्या काही महिन्यांच्या बँक स्टेटमेंटमधून वीस व्यवहार काढले, मुद्दाम त्रासदायक असलेले. सरळ खर्च कुठलंही ॲप नोंदवतं. गोची होते ती आडव्यातिडव्या व्यवहारांत. क्रेडिट कार्डचंच बघा. कार्डावर खरेदी केली तेव्हा एकदा खर्च धरला गेला, आणि महिन्याने कार्डाचं बिल भरलं तेव्हा तीच रक्कम पुन्हा खर्चात. एटीएममधून रोख काढली की तोच प्रकार: काढली तेव्हा खर्च, हातातून गेली तेव्हा परत खर्च. माझ्या जुन्या ॲपमध्ये हे वर्षभर होत असणार. आम्ही उधळे आहोत असं मला वाटायचं, त्यातला बराचसा भाग या दुहेरी मोजणीचा होता. उपाय अगदी साधा: या नोंदी 'खर्च' म्हणून न टाकता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात 'ट्रान्सफर' म्हणून टाकायच्या. पण त्यासाठी ॲपमध्ये रोख, बँक आणि कार्ड अशी वेगवेगळी खाती करता यायला हवीत. दोन ॲपमध्ये ती सोयच नव्हती.

दुसरी गोची परत आलेल्या पैशांची. एक वस्तू परत केली, पैसे मिळाले. ॲपने ते उत्पन्नात धरले आणि त्या महिन्यात माझी कमाई वाढल्याचं आनंदाने सांगितलं! हवं असं की ज्या कॅटेगरीत खर्च गेला, तिथूनच रक्कम वजा व्हावी. चौघांचं बिल मी भरलं आणि तिघांनी आपापला वाटा नंतर दिला, तिथेही हेच. आणि वर्षातून एकदा येणारा विम्याचा हप्ता? तो ज्या महिन्यात येतो त्या महिन्याचं बजेट कोसळतंच. बारा भाग करून दर महिन्याला बाजूला ठेवता आला तर त्या बजेटला अर्थ. महिना कुठल्या तारखेला सुरू होतो हेही बघून घ्या. पगार महिनाअखेरीला होत असेल आणि ॲप एक तारखेवर अडून बसलं असेल, तर मिळकत एका महिन्यात आणि तिचा खर्च पुढच्या महिन्यात दिसतो.

मेसेज वाचून आपोआप नोंदी करणाऱ्या ॲपचा मोह मला फार होता. आयफोनवर कुठल्याही ॲपला आपला मेसेजचा इनबॉक्स वाचता येत नाही. अँड्रॉइडवर येतो, पण गूगलने २०१८ मध्ये ही परवानगी बरीच आवळली. खर्चाच्या ॲपना अपवाद म्हणून मुभा राहिली. आमच्याकडे माझा अँड्रॉइड आणि नवऱ्याचा आयफोन, म्हणजे अर्धा संसार आपोआप आणि अर्धा हाताने. शिवाय परवानगी नुसत्या बँकेच्या मेसेजपुरती देता येत नाही. दिली की ओटीपीसकट सगळा इनबॉक्स उघडा. तरी दोन आठवडे वापरून पाहिलं. 'आपलं इतकं बिल भरायचं आहे' अशी आठवण करून देणारा मेसेज ॲपने भरलेलं बिल म्हणून धरला, आणि दोन दिवसांनी मी खरंच भरलं तेव्हा पुन्हा धरला. पण हेही चाललं असतं. न चालणारी गोष्ट अशी, की त्या दोन आठवड्यांत मी ॲप एकदाही उघडलं नाही. आपोआप चाललंय ना, मग चालू दे.

पाकीट पद्धतीचंही एक ॲप वापरून पाहिलं. कल्पना जुनीच: हातात आलेले पैसे आधीच वेगवेगळ्या पाकिटांत वाटायचे आणि खर्च त्या त्या पाकिटातूनच. या पद्धतीचं नावाजलेलं 'यू नीड अ बजेट' २००४ मध्ये एक साधी स्प्रेडशीट म्हणून सुरू झालं होतं. ज्यांची मिळकत दर महिन्याला वेगळी असते त्यांना ही पद्धत सोयीची, कारण न आलेल्या पैशांचं बजेट करायचंच नसतं. मला आवडली. नवऱ्याला मात्र दर दोन दिवसांनी या पाकिटातले त्या पाकिटात टाकायचा कंटाळा आला, आणि दोघांनी वापरलं नाही तर उपयोग नव्हता.

शेवटी तीन ॲप उरली. मग स्टॉपवॉच लावलं. पैसे दिल्यावर, काउंटरवरून बाजूला व्हायच्या आत नोंद झाली पाहिजे. एकाला खातं, कॅटेगरी, उपकॅटेगरी, कोणाला दिले, कुठे दिले, सगळं हवं होतं. सात ठिकाणी बोट लावून वीस सेकंद. दुसरं उघडलं की आधी त्याची स्वतःची जाहिरात. तिसऱ्याचं विजेट होमस्क्रीनवर बसलं: आकडा, कॅटेगरी, झालं. सहा सेकंद. फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाहिला, तरी नोंद झाली. एकदाच पैसे भरून घेतलं. दिसायला अगदी रुक्ष आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमचे वीस व्यवहार माझ्यासारखे नसणार.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी फाइल काढून दोन ठिकाणी ठेवते आणि आम्ही दोघं ती एक्सेलमध्ये वाचतो. पहिल्याच वाचनात 'इतर'च्या ओळी एकेक करून फोडल्या, तर एकाच क्लाउड स्टोरेजसाठी आम्ही दोघंही दर महिन्याला वेगवेगळे पैसे भरत होतो. तीन वर्षं! फॅमिली प्लॅन घेतला आणि ते दोन्ही बंद केले. त्याच दिवशी मी ॲपमधून 'इतर' ही कॅटेगरीच काढून टाकली. नवऱ्याला ती परत हवी आहे. कशासाठी, ते अजून सांगत नाही.