आमची वाटचाल : शिंप्याची कात्री आणि मेरठशी जडलेले नाते

आजोबांनी सोलापुरात धंदा मांडला तेव्हा पायाने फिरवायचे एक दगडी चाक, दोन-तीन कानशी आणि निसणा एवढेच त्यांचे भांडवल होते. शिंप्यांच्या कात्र्या सकाळी गोळा करायच्या आणि दिवेलागणीच्या आत धार लावून पोहोचवायच्या, हा त्यांचा परिपाठ. त्यांपैकी बहुतेक कात्र्या मेरठच्या असल्यामुळे पुढे वडिलांनी थेट तिथूनच माल आणायला सुरुवात केली, आणि गणवेश शिवणाऱ्या सोलापुरात त्याला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही.

मेरठच्या कैंचियान मोहल्ल्यात मी पहिल्यांदा वडिलांबरोबरच गेलो. कात्री एका छपराखाली तयार होत नाही, हे तिथे कळले. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे तुकडे एका घरी भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकले जातात, दुसरीकडे भंगारातले पितळ किंवा ॲल्युमिनियम वितळवून मूठ ओतली जाते, तिसऱ्याकडे घासकाम आणि शेवटी जोडणी. ठोकलेल्या पात्याला पाणी दिले, म्हणजे ते लाल तापवून एकदम गार केले, की ते कडक होते, पण इतके ठिसूळही होते की हातातून पडले तर टवका उडावा. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरून वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग चढेपर्यंत थांबतात. तो रंग कारागीर नजरेनेच ओळखतो. घासकाम करणाऱ्यांच्या नाकातोंडात दिवसभर जाणारी धूळ मात्र पाहवत नाही, आणि हा माल विकणाऱ्या माझ्यासारख्याने ते लपवून उपयोग नाही.

कात्रीचे मर्म मी एक कात्री बिघडवून शिकलो. धंद्यात नवा असताना एका शिंप्याची दहा इंची कात्री मी हौसेने पात्याच्या आतल्या बाजूनेही सपाट घासली. धार तर अशी लागली की केस तुटावा. पण कापड कापताना ते दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसू लागले. आजोबांनी दोन्ही पाती मिटवून उजेडासमोर धरली आणि म्हणाले, “फट कुठे गेली?” चांगल्या कात्रीच्या पात्यांना किंचित बाक असतो, मिटलेल्या पात्यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसते, आणि कापताना ती एका वेळी एकाच बिंदूवर भिडतात व तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. हा बाक हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी जोडीपुरता जमवलेला असतो, त्यामुळे एका कात्रीचे पाते दुसरीला सहसा चालत नाही. त्या शिंप्याला आम्ही नवी कात्री दिली. बिघडलेली अजून गल्ल्यामागे टांगलेली आहे.

मेरठच्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘दादा ले, पोता बरते’, म्हणजे आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती आहे. दुकानदाराच्या दृष्टीने ही ख्याती परवडणारी नव्हे, हेही खरे. मधल्या काळात स्वस्त, साच्यात दाबून काढलेल्या कात्र्या आम्हीही ठेवून पाहिल्या. त्यांचा खिळा ठोकून पक्का केलेला असल्याने पाती सुटी करून नीट धार लावता येत नव्हती, म्हणून तो माल आम्ही बंद केला. आजही दुकानाचे भाडे धार लावण्यावरच निघते.

काही वर्षांपूर्वी एका डावखुऱ्या ताईंनी कात्री मागितली. नुसती मूठ फिरवून काम होत नाही. कोणते पाते वर राहते तेही उलटे व्हावे लागते, नाहीतर कापण्याची रेघ वरच्या पात्याआड झाकली जाते आणि बोटांच्या दाबाने पाती फाकतात. मेरठचे उस्ताद आधी हसले, मग मुठीचा साचा नव्याने करावा लागेल म्हणाले आणि निदान सहा नग घ्यायची अट घातली. ते सहा नग यायला पावसाळा उलटला. चार विकले गेले, दोन कपाटात आहेत.