अ‍ॅमस्टरडॅमचे जिने आणि डाळपुरी

धाकटी बहीण जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला असते. तिथून अ‍ॅमस्टरडॅमला थेट रेल्वे आहे, साधारण सव्वादोन तासांची. सप्टेंबरात आईला घेऊन शुक्रवारी संध्याकाळी गेले आणि सोमवारी दुपारी परतले. आई अडुसष्ट वर्षांची, शाकाहारी (केकमधलं अंडं ती मोजत नाही) आणि उजवा गुडघा कुरकुरणारा. तुमच्याबरोबरही असं कुणी असेल, तर पुढचं नीट वाचा.

पहिली चूक हॉटेलची. योर्दान भागात कालव्याकाठचं जुनं घर, फोटो बघून मी भाळले. लिफ्ट आहे का हे विचारलंच नाही. तिथली जुनी घरं अरुंद आणि उंच, त्यामुळे जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. पायरीवर अर्धंच पाऊल मावतं आणि कठड्याऐवजी दोर. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर! घरांच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली असते आणि तिला आकडा. जिन्यातून कपाट जात नाही, म्हणून सामान दोराने बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घेतात. ते वर चढताना भिंतीवर आपटू नये म्हणून कितीतरी घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधली आहेत. हे सगळं मी आईला कौतुकाने सांगत होते. ती आकड्याकडे बघत म्हणाली, "मग मलाही त्यालाच अडकव." तेव्हा खोली घेण्याआधी लिफ्टचं विचारा, आणि नाश्ता कितव्या मजल्यावर असतो तेही. दाखवलेल्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर लागतो, तोही धरून चाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाहेर पडलो, आणि माझ्या मते या शहराचं खरं दर्शन तेव्हाच होतं. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे अर्धवर्तुळात एकामागे एक असलेले कालवे. ग्राख्त म्हणजे कालवाच. 1613 पासून ते खणले गेले आणि 2010 मध्ये हा सगळा पट्टा युनेस्कोच्या यादीत आला. सकाळी पाणी अगदी स्थिर असतं, घरं त्यात उलटी दिसतात. एका नावघरातली बाई डेकवरच्या टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी घालत होती. दहानंतर याच काठावर चालायला जागा राहत नाही. बोटीची फेरी आम्ही केली, पण काचेच्या छताच्या मोठ्या बोटीत गर्दी आणि पाच भाषांतली ध्वनिफीत. उघडी, छोटी बोट मिळाली तर ती घ्या. नाहीतर सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूने पलीकडे जाणारी फेरीबोट धरा. ती फुकट आहे. पाऊस आला तेव्हा आम्ही दोनदा उगाचच जाऊन आलो.

अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीने नाझींपासून लपून जिथे डायरी लिहिली, ते घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात, त्या लगेच संपतात. मी अलार्म लावून काढलं होतं. पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागे आठ माणसं लपून राहिली, त्यातली सात जुलै 1942 पासून दोन वर्षांहून जास्त काळ. आतले जिने हॉटेलपेक्षाही उभे आहेत. आई बसत बसत चढली आणि बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

ट्राम-बसमध्ये बँकेचं कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरतानाही. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. कितीतरी दुकानं रोख घेतच नाहीत. लाल रंगाची पट्टी सायकलवाल्यांची, तिच्यावर उभं राहून फोटो काढू नका. आईने काढला, आणि पाठोपाठ घंटांचा जो गजर झाला! कॉफी हवी असेल तर 'कॅफे' शोधा. 'कॉफीशॉप' अशी पाटी असते तिथे गांजा मिळतो.

आता खाणं. शनिवारी नॉर्डरमार्क्टच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार असतो, तिथलं चीज आणि शेजारच्या कॅफेतला अ‍ॅपल पाय दोन्ही उत्तम. अस्सल डच जेवणात मात्र शाकाहारी माणसाला फारसा राम नाही. या शहरात खरं जेवायचं ते इंडोनेशियन आणि सुरिनामी. इंडोनेशिया आणि दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम, दोन्ही डचांच्या जुन्या वसाहती. 1873 ते 1916 या काळात उत्तर प्रदेश-बिहारकडचे चौतीस हजारांवर मजूर करारावर सुरिनामला नेले गेले. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी बरेच जण नेदरलँड्सला आले, येताना रोटी घेऊन.

रविवारी आल्बर्ट काउप बाजारात गेलो तर रस्ता ओस. रविवारी तो बंद असतो, हे मी वाचून विसरले होते. सोमवारी सकाळी परत गेलो. तव्यावरून काढून मध्ये पाक भरलेलं गरम स्ट्रूपवाफल खाल्लं आणि जवळच्या सुरिनामी दुकानात शिरलो. ताटात डाळपुरी नावाची रोटी, बटाट्याची भाजी, चवळीच्या लांब शेंगा. "अंडं नको" असं आधीच सांगा, नाहीतर उकडलेलं अंडं ठरलेलंच. बाजूला मिरचीची पिवळी चटणी देतात, ती नखभरच घ्या. गल्ल्यावरच्या आजी त्यांच्या भोजपुरीसारख्या बोलीत आणि आई तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत, अशी दोघींची दहा मिनिटं छान जमली. आईने रोटी फाडली, आतून पिवळी भरड डाळ सांडली. ती चकित होऊन म्हणाली, "अगं, ही तर पुरणपोळी! गूळ घालायचा विसरलेत."

दोन रोट्या बांधून घेतल्या. परतीच्या गाडीत सीमा ओलांडल्यावर आईने पुडकं सोडलं, कॉफीबरोबर आलेली साखरेची पुडी फोडली आणि रोटीवर भुरभुरली. "तूप असतं तर," एवढंच म्हणाली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.