काट्याला विमानाचं नाक दिसत नाही: घरच्या सिम्युलेटरवर व्हीओआर

सॅन फ्रान्सिस्को बेच्या भोवती पालो आल्टो, सॅन कार्लोस, हेवर्ड अशी छोटी विमानतळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ऑफिस सुटल्यावर एक-इंजिनी सेस्ना भाड्याने घेऊन उडणारे लोक इथे नवलाचे नाहीत, आणि त्यात मराठी मंडळीही आहेत. पण विमानाचं भाडं तासावर असतं. रेडिओ नॅव्हिगेशन, म्हणजे व्हीओआरसारख्या जमिनीवरच्या रेडिओ स्थानकांवरून दिशा काढणं, ही पाढ्यांसारखी घोटायची गोष्ट, त्यामुळे बहुतेक जण ती आधी घरच्या कॉम्प्युटरवर घोटून घेतात. पुण्या-नाशिकला बसूनही हे जसंच्या तसं करता येतं, कारण अमेरिकेचे हवाई नकाशे एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) साइटवर फुकट मिळतात आणि सिम्युलेटरमधली बे एरियातली स्थानकं तीच असतात.

जीपीएस असताना हे कशाला, हा प्रश्न ठरलेला. अमेरिकेत बरीच व्हीओआर स्थानकं बंद होत आहेत हे खरंच आहे. पण उरलेल्यांचं एक किमान जाळं एफएए मुद्दाम राखून ठेवते आहे: जीपीएस गेलं तर त्याच्याशिवाय उतरता येईल असं विमानतळ १०० सागरी मैलांच्या आत सापडलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे अमृतसर-जम्मूच्या बाजूला जीपीएस सिग्नलमध्ये ढवळाढवळ होण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. म्हणजे विषय अजून इतिहासजमा झालेला नाही.

व्हीओआर स्थानक ३० हर्ट्‌झचे दोन सिग्नल पाठवतं. एक सगळ्या दिशांना सारखा, दुसरा दिशेनुसार फेज बदलणारा. स्थानकाच्या उत्तरेला दोन्ही जुळतात, पूर्वेला ९० अंशांचा फरक पडतो, दक्षिणेला १८०. हा फरक मोजून रिसीव्हर सांगतो की तुम्ही स्थानकापासून निघणाऱ्या ३६० रेषांपैकी, म्हणजे रेडियलांपैकी, कोणत्या रेषेवर आहात. एवढंच. विमानाचं तोंड कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि नवशिक्यांच्या दहापैकी नऊ चुका इथूनच निघतात. खात्री करायची असेल तर स्थानकापासून २० मैलांवर जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्या. होकायंत्र ३६० अंश फिरेल, व्हीओआर दर्शकाचा काटा जेमतेम हलेल.

आता मांडणी. एक्स-प्लेन असो वा मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, सुरुवातीला काचेच्या स्क्रीनचं विमान नको, गोल घड्याळांचं सेस्ना १७२ घ्या. त्यात गार्मिन ४३० किंवा ५३० (जीपीएस आणि रेडिओ एकत्र असलेला संच) बसवलेला असेल तर 'सीडीआय' लिहिलेलं बटण दाबून खाली 'व्हीएलओसी' (म्हणजे काटा व्हीओआरच्या रेडिओला जोडलेला) दिसतंय ना ते बघा. तिथे 'जीपीएस' असेल तर तुम्ही फ्रीक्वेन्सी कितीही फिरवा, पहिल्या दर्शकाचा काटा जीपीएसचीच रेषा दाखवत राहतो आणि माणूस अर्धा तास डोकं खाजवतो. दुसरं म्हणजे, बदललेली फ्रीक्वेन्सी आधी राखीव खिडकीत येते. ती अदलाबदलीच्या बटणाने चालू खिडकीत आणावी लागते, आणि 'कॉम'साठी (बोलण्याच्या रेडिओसाठी) एक बटण व 'व्हीएलओसी'साठी दुसरं असतं. सिम्युलेटरमधला हलता नकाशा बंद करा. वारा शून्य, आकाश स्वच्छ. नॉब माउसच्या चाकाने फिरवता येतात, त्यासाठी महागडं हार्डवेअर लागत नाही. ट्विस्ट असलेली साधी जॉयस्टिक पुरते.

नकाशा मात्र कागदावर हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेक्शनल चार्टचं प्रमाण १:५,००,००० आहे. हवा तो तुकडा छापताना प्रिंटरला 'पानात बसवा' सांगू नका, १०० टक्क्यांवर छापा. इथला लेटर कागद आणि आपला ए-४ यांची मापं वेगळी असल्याने प्रिंटर हळूच चित्र लहान करतो. तपासणी सोपी आहे: १० सागरी मैल कागदावर ३७ मिलिमीटर भरले पाहिजेत. मोजायला बाजूच्या अक्षांशाच्या खुणा आहेतच, एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल.

पहिला धडा उडण्याचा नाही, थांबण्याचा. नकाशावर कुठेही क्लिक करून विमान ४,५०० फुटांवर हवेत ठेवा आणि पॉज करा. ओकलंड ११६.८ लावा. आवाज चालू करून मोर्समधली स्थानकाची खूण ऐका: डा-डा-डा, डि-डा, डा-डि-डा. मग ओबीएसचा (दर्शकावर रेषा निवडायचा) नॉब फिरवत काटा मध्यावर आणा, पण दर्शकावरची झेंडी 'फ्रॉम' (स्थानकापासून; 'टू' म्हणजे स्थानकाकडे) असताना. वर येतो तो आकडा तुमचा रेडियल. चार्टवर ओकलंडभोवती छापलेल्या निळ्या चक्रावरून तेवढ्या अंशाची रेषा पेन्सिलीने ओढा. मग सॉसालितो ११६.२ लावून दुसरी रेषा. छेदबिंदूवर बोट ठेवा, आणि मगच सिम्युलेटरचा नकाशा उघडा. असं रोज पाच वेळा, आठवडाभर. खऱ्या विमानात हवेत थांबता येत नाही आणि उत्तरही लगेच तपासता येत नाही. सिम्युलेटरची खरी किंमत या पॉजच्या बटणात आहे, ढगांच्या सुंदर चित्रांत नाही.

बोट भलतीकडे पडलं तर कारणं ठरलेली असतात. झेंडी 'टू' असताना आकडा वाचला, तर रेषा बरोब्बर उलट्या बाजूला जाते. दोन रेषा फार लहान कोनात, ३० अंशांहून कमी कोनात छेदल्या, तर थोडी चूक खूप लांब सरकते. ६० मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल, हे डोक्यात ठेवा. खऱ्या विमानातल्या रिसीव्हरलाही जमिनीवरच्या तपासणीत ४ अंश आणि हवेतल्या तपासणीत ६ अंश चूक माफ आहे, आणि इन्स्ट्रुमेंट नियमांनी (बाहेर न बघता, यंत्रांच्या भरवशावर) उडायचं तर ही तपासणी दर ३० दिवसांत करून नोंदवावी लागते. तेव्हा ३० मैलांवर दोन मैल इकडे-तिकडे झाले तर वाईट वाटून घेऊ नका.

मोर्स ऐकायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी बे एरियाने सापळाच लावून ठेवला आहे. ओकलंड ११६.८, सॅन फ्रान्सिस्को ११५.८. एका आकड्याचा फरक, आणि दोन स्थानकांत अंतर जेमतेम दहा मैल. चुकून दुसरं लागलं तरी काटा जिवंत, झेंडी ठीक, सगळं छान दिसतं. फक्त तुम्ही खाडीच्या पलीकडच्या स्थानकाकडे निघालेले असता. सॅन फ्रान्सिस्कोची खूण डि-डि-डि, डि-डि-डा-डि, डा-डा-डा. कानाला फरक दोन सेकंदांत कळतो.

दुसरा धडा रेषा पकडण्याचा. हेवर्डच्या वर ४,५०० फूट, वेग १०० नॉट. जायचंय ओकलंडवरून सॉसालितोला आणि पुढे पॉइंट रेयसला, ११३.७. ओकलंड ते सॉसालितो १६ मैल, रेडियल साधारण २८२. ओबीएसवर २८२ लावा, झेंडी 'टू' येईल, आणि विमान आधी २८२च्या आसपास वळवा. काटा पूर्ण उजवीकडे गेलेला दिसेल, कारण हेवर्ड त्या रेषेच्या दक्षिणेला दहा अंशांहून जास्त आहे आणि काटा १० अंशांतच टोकाला जातो. प्रत्येक ठिपका २ अंशांचा. आता उजवीकडे ३० अंश वळून ३१२ धरा आणि वाट बघा. थोड्याच वेळात काटा हलू लागेल. तो मध्याला भिडायच्या आत वळायला सुरुवात करा, नाहीतर पलीकडे जाल.

पहिली पायरी, म्हणजे विमानाचं तोंड ओबीएसच्या आकड्याच्या दिशेला आणणं, गाळू नका. ओबीएस २८२ आणि विमान १०० कडे चाललंय, असं असेल तर काटा उजवीकडे दाखवतो तेव्हा रेषा प्रत्यक्षात डावीकडे असते. काट्यामागे जितकं वळाल तितकं दूर जाल. यंत्र बिघडलेलं नसतं, तुम्ही त्याला उलटा प्रश्न विचारलेला असतो.

रेषेवर आल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसेल. वारा शून्य, काटा मध्यावर, आणि होकायंत्र मात्र २८२ नाही, २८६च्या आसपास. अनेकांना हा सिम्युलेटरचा बग वाटतो. बग नाही. इथली ही जुनी स्थानकं बसवली तेव्हा चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून १७ अंश पूर्वेला होती आणि रेडियल त्या हिशेबाने लावलेले आहेत. पुढे चुंबकीय उत्तर सरकत १३ अंशांवर आली, स्थानकं आहेत तिथेच राहिली. स्थानक नव्याने जुळवायचं तर त्यावर आधारलेला प्रत्येक मार्ग आणि प्रत्येक नकाशा बदलावा लागतो, म्हणून ते टाळलं जातं. महाराष्ट्रात चुंबकीय फरक जवळजवळ शून्य असल्याने मुंबई-पुण्यावर सराव करणाऱ्याला ही भानगड कळतच नाही. अर्थ एवढाच: काटा मध्यावर ठेवणारं हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) शोधा, ओबीएसच्या आकड्याशी त्याची बरोबरी करू नका.

स्थानकापासून शेवटच्या मैलात काटा सैरभैर होतो, कारण तिथे १० अंश म्हणजे जेमतेम हजार फूट. या वेळी हेडिंग धरून बसा, काट्याचा पाठलाग नको. डोक्यावर आल्यावर झेंडी 'टू'ची 'फ्रॉम' होईल. डीएमई (स्थानकापासूनचं अंतर सांगणारा दर्शक) मात्र शून्य होणार नाही, ४,५०० फुटांवरून तो सुमारे ०.७ दाखवेल, कारण ते अंतर तिरपं मोजलेलं असतं आणि तुम्ही स्थानकाच्या पाऊण मैल वर आहात. पुढे अर्ध्या वाटेवर, आठ मैलांनंतर, सॉसालितोवर बदला. ते दुसऱ्या रिसीव्हरवर आधीच लावून, ऐकून तयार ठेवा. सॉसालितो ते पॉइंट रेयस २१ मैल, रेडियल २९३च्या आसपास, साडेबारा मिनिटं. उंची कमी करायचा मोह टाळा, वाटेजवळ माउंट टॅमलपायस २,५७१ फुटांचा आहे.

हे जमलं की उत्तरेकडून २० नॉट वारा सोडा. वाऱ्याचा वेग गुणिले ६०, भागिले विमानाचा वेग: २० गुणिले ६० भागिले १००, म्हणजे पूर्ण आडवा वारा १२ अंश ढकलतो. इथे तो जवळजवळ आडवाच आहे, तेव्हा २८६ ऐवजी २९८ धरा. वारा माहीत नसेल तर काटा सरकताना दिसल्यावर २० अंश वळून रेषेवर परत या, मग त्यातले निम्मे काढा आणि बघत राहा. दोन-तीन फेऱ्यांत योग्य हेडिंग सापडतं. गायरोवर चालणारा हेडिंग दर्शक हळूहळू भरकटतो, तो दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवा, नाहीतर वाऱ्याचा म्हणून जो दोष काढाल तो गायरोचा निघेल.

घरच्या आकाशात सराव करायचा असेल तर मुंबईचं स्थानक आहे, खूण बीबीबी: डा-डि-डि-डि, तीनदा. इथे शिकायची गोष्ट सरळ दृष्टिरेषेची. सपाट जमिनीवर पल्ला साधारण उंचीच्या वर्गमुळाच्या १.२३ पट: १,००० फुटांवर ३९ मैल, ४,००० फुटांवर ७८. पुण्याहून निघालेल्या विमानाच्या आणि मुंबईच्या मध्ये मात्र सह्याद्री उभा आहे, त्यामुळे खालच्या उंचीवर सिग्नल नसणं हेच योग्य. सगळेच सिम्युलेटर डोंगराची आड नीट धरत नाहीत. काही तर दरीतूनही काटा ठणठणीत दाखवतात.

एनडीबीबद्दल (व्हीओआरहून जुन्या, साध्या रेडिओ स्थानकांबद्दल) थोडक्यात, कारण अमेरिकेत ते आता विरळच उरलेत. एडीएफचा (त्यांच्यासाठीच्या विमानातल्या दर्शकाचा) काटा स्थानकाकडे बोट दाखवतो, पण त्याला बंद पडल्याची झेंडी नसते. स्थानक मेलं तरी काटा कुठेतरी शांतपणे उभा राहतो. म्हणून मोर्स एकदा नाही, सतत मंद आवाजात ऐकत राहायचा. काट्याच्या दिशेने नुसतं नाक ठेवत गेलात तर आडव्या वाऱ्यात वाकड्या वाटेने पोहोचता. हेडिंग अधिक काट्याचा कोन बरोबर स्थानकाची दिशा, ही बेरीज तोंडपाठ हवी.

आयएलएस (धावपट्टीवर उतरायची रेषा आणि उतार दाखवणारी यंत्रणा) मात्र लोक घाईने आधीच शिकतात आणि फसतात. फ्रीक्वेन्सी १०८ ते ११२ मधल्या, दशांशानंतरचा पहिला आकडा विषम असलेल्या. इथे ओबीएस फिरवून काट्यावर काहीच परिणाम होत नाही, तो फक्त आठवणीसाठी. काटा अडीच अंशांत टोकाला जातो, म्हणजे व्हीओआरच्या चौपट हळवा. व्हीओआरच्या सवयीने १० अंश वळलात की नागमोडी सुरू. ५ अंशांहून जास्त वळू नका. तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीवरचा वेग गुणिले ५: ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट. आणि उताराची रेषा नेहमी खालून पकडा, कारण वर ९ अंशांच्या आसपास खोटी रेषाही असते.

यातला एकही तास लॉगबुकात जात नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी एफएए १० तास धरते ते मंजुरीपत्र असलेल्या बेसिक ट्रेनिंग डिव्हाइसवरचे, आणि प्रशिक्षक शेजारी असतानाचे. अॅडव्हान्स्ड असेल तर २०. प्रशिक्षकांची सिम्युलेटरवाल्यांबद्दल तक्रार एकच असते: डोळे पॅनेलला चिकटलेले. म्हणून स्वच्छ हवामानात सराव करतानाही दृश्याचं बटण जॉयस्टिकच्या हॅटवर (अंगठ्याजवळच्या छोट्या बटणावर) लावून घ्या. फ्रीक्वेन्सी लावली, बाहेर बघा. मोर्स ऐकला, बाहेर बघा. ओबीएस फिरवला, पुन्हा बाहेर.