कंटाळवाणा माणूस साकारताना

पडद्यावर खुनी, वेडा किंवा दारुडा रंगवणे त्या मानाने सोपे असावे. नटाची खरी कसोटी लागते ती कंटाळवाणा माणूस उभा करताना. तो खरोखरच कंटाळवाणा झाला तर प्रेक्षक जांभया देऊ लागतात आणि नटाने त्याची टिंगल आरंभली तर त्याचे अर्कचित्र होऊन बसते. मार्टिन मॅकडोना यांच्या २०२२ सालच्या ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ या चित्रपटात कॉलिन फॅरेलने हे दोन्ही धोके टाळले आहेत, आणि तेही जवळजवळ नुसत्या भुवयांच्या जोरावर.

काळ १९२३ चा, आयर्लंडमधील यादवी युद्धाचा. स्थळ एक काल्पनिक बेट. वयस्क कोल्म एके दिवशी आपला जिवलग मित्र पॉड्रिक याच्याशी बोलणे टाकतो, कारण उरलेले आयुष्य त्याला संगीतरचनेत घालवायचे असते आणि पॉड्रिकच्या गप्पा निरर्थक वाटू लागलेल्या असतात. पुन्हा बोलायला आलास तर दर वेळी माझे एक बोट कापीन, अशी धमकी तो देतो. फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन, वाजवणाऱ्याने स्वतःचीच बोटे कापायची, हा तर्क जितका अघोरी तितकाच हास्यास्पद आहे.

गाढविणीच्या शेणात काय सापडले यावर तू दोन तास बोललास, असा आरोप कोल्म करतो, तेव्हा पॉड्रिक दुखावून सांगतो की ते गाढविणीचे नव्हे, तट्टाचे शेण होते. ही दुरुस्ती फॅरेल इतक्या प्रामाणिक कळकळीने करतो की हसू फुटते आणि त्याच क्षणी कोल्मचे म्हणणे खरे आहे, हेही पटते. विनोद करतो आहोत याची पुसटशी जाणीव जरी त्याच्या चेहऱ्यावर उमटली असती, तरी सगळा डाव फसला असता.

ब्रेंडन ग्लीसनचा कोल्म मात्र फारसे काही करत नाही. पोलिसाने मारहाण केलेल्या पॉड्रिकला तो उचलून गाडीवर बसवतो, लगाम हाती घेतो. शेजारी पॉड्रिक हुंदके देऊ लागतो आणि हा चकार शब्द काढत नाही. फाट्यावर लगाम परत देऊन तो आपल्या वाटेने निघून जातो. हा माणूस निर्दय नाही, उलट त्याला स्वतःचा निश्चय पाळणे जड जाते आहे, हे त्या रुंद, थकलेल्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येते. फिडलही ग्लीसनने स्वतःच वाजवले आहे.

केरी कॉन्डनची शिवॉन ही पॉड्रिकची बहीण. तो तर पहिल्यापासूनच कंटाळवाणा आहे, मग आता बदलले काय, असा बिनतोड सवाल ती कोल्मला करते, तेव्हा भावाची बाजू घेताना आपण त्याच्यावर शिक्कामोर्तबच करतो आहोत, याचे तिला भानही नसते. सर्वांत हळवा प्रसंग मात्र बॅरी कीओगनच्या वाट्याला आला आहे. तळ्याकाठी शिवॉनला अडखळत मागणी घालणारा डॉमिनिक नकार ऐकतो आणि ते स्वप्नही संपले म्हणायचे, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटत, जणू तिलाच अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, काढता पाय घेतो.

या चौघांनाही ऑस्करची नामांकने मिळाली आणि चौघेही रिकाम्या हाताने परतले. कॉन्डन आणि कीओगन यांना बाफ्टा हे ब्रिटनचे चित्रपट पुरस्कार लाभले, हे ठीकच झाले. पण फॅरेलचे ऑस्कर हुकले, हे मला अजूनही पटलेले नाही. कंटाळवाण्या माणसाच्या नशिबी पडद्याबाहेरही उपेक्षाच असावी, हा विनोद मॅकडोना यांनाच सुचू शकला असता.